महिन्याला किती?

आमच्या सोसायटीतल्या बिराजदार अण्णांना कुणी ‘काय अण्णा, बरं आहे ना?’ असं विचारलं, की ते ‘बरं हाय’ म्हणत नाहीत. ते म्हणतात, ‘महिन्याला किती?’

आम्हाला त्याची सवय झाली आहे. नवा माणूस मात्र गांगरतो. दूधवाला दुधाचा हिशेब सांगतो, भाडेकरू भाडं सांगतो, आणि एकदा गॅसच्या टाकीवाल्याने लाजत लाजत आपण महिन्याला किती वेळा दाढी करतो ते सांगितलं होतं.

सगळ्यात मोठा घोटाळा वरच्या मजल्यावरच्या जोशांकडे झाला. त्यांच्या मुलीला बघायला पुण्याहून मंडळी आली. मुलगा गाडीतून उतरला तेव्हा फाटकाशी अण्णा उभे. मुलाने संस्काराला जागून वाकून नमस्कार केला. अण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, “महिन्याला किती?”

मुलगा तयारीत आलेला होता. “सध्या पासष्ट हजार. एप्रिलमध्ये वाढेल.”

“यप्पा!” अण्णा एक पाऊल मागे सरले. “एवढं नको हो. पन्नास बास.”

मुलाने वर जाऊन आईच्या कानात सांगितलं, की मुलीकडची माणसं फार साधी आहेत, त्यांना पन्नास हजारसुद्धा पुष्कळ वाटतात. लग्न ठरलं. अण्णांना हवे होते ते पन्नास रुपये होते, हे त्या जावयाला साखरपुड्यात कळलं. तो सज्जन निघाला. आज नवरा-बायको दोघंही पुण्याहून दर महिन्याला पन्नास-पन्नास पाठवतात.

हे पन्नास रुपये कशाचे, ते आता सांगायला हवं. अण्णा ते स्वतःसाठी मागत नाहीत. ते मागतात ‘आडवा प्रश्न’साठी.

‘आडवा प्रश्न’ हे आमच्या सोलापुरातलं एक छोटं वर्तमानपत्र आहे. दर शनिवारी चार पानांचा अंक निघतो आणि रोज मोबाइलवर बातम्या येतात. संपादक, वार्ताहर, छायाचित्रकार आणि झाडूवाली, सगळं मिळून एकच माणूस. तिचं नाव सुजाता. पूर्व भागातल्या विणकराच्या घरातली मुलगी, तिशी-पस्तिशीची, चष्मा जाड. तो चष्मा माझ्याच नव्या पेठेतल्या दुकानातला आहे, म्हणून मला तिची ओळख.

सुजाता आधी एका मोठ्या पेपरात होती. तिथे तिने एका पुढाऱ्याबद्दल बातमी लिहिली. दुसऱ्या दिवशी बातमी आली नाही. त्या जागी त्याच पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात आली. पुढारी हसतोय, मागे वाघ, आणि खाली शुभेच्छुकांचे एवढे फोटो की कुणाचं नाक कुणाचं हेच कळेना. सुजाताने राजीनामा दिला आणि एका पिठाच्या गिरणीवरची खोली घेऊन आपला पेपर काढला. पहिल्याच अंकात तिने जाहीर केलं, की वाढदिवसाच्या जाहिराती घेतल्या जाणार नाहीत. आमच्याकडे वाढदिवसाच्या जाहिरातीशिवाय पेपर काढणं म्हणजे शेंगाच्या चटणीशिवाय भाकरी खाणं. खाता येतं, पण किती दिवस?

अण्णा त्या गिरणीवर दळणासाठी गेले होते. दळण होईपर्यंत त्यांनी तो पहिला अंक वाचला आणि तडक जिना चढून वर गेले. अंकात एस्टीचं वेळापत्रक छापलं होतं आणि त्यात मोडनिंबची गाडी चुकली होती.

अण्णा एस्टीत कंट्रोलर होते. पूर्ण नाव चनबसप्पा बिराजदार, मूळ गाव अक्कलकोटकडचं, घरात बोलणं कानडी. तीस वर्षं त्यांनी सोलापूरच्या स्टँडवर माइकवरून गाड्या सोडल्या. एरवी ते बोलतात खास तिकडचं, पण समोर माइक आला, किंवा आला असं त्यांना नुसतं वाटलं, की एकदम शुद्ध बोलू लागतात. “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. सोलापूरहून मंगळवेढामार्गे सांगोल्याकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक सहावर लागत आहे.” हा आवाज ज्यांनी ऐकला, त्यांना पुढे कधी गाडी चुकल्याचं आठवत नाही.

वेळापत्रक दुरुस्त करून झाल्यावर अण्णांनी विचारलं, “हे चालतंय कशावर?”

सुजाताने अंकाच्या शेवटच्या पानावरचं आवाहन दाखवलं. ‘लोकशाहीचा चौथा स्तंभ डळमळीत होत असताना सुजाण वाचकांनी मासिक योगदान देऊन स्वतंत्र पत्रकारितेचे हात बळकट करावेत.’

“किती लोकांनी दिलं?”

“तिघांनी. त्यात एक माझी आई.”

“देणार न्हाईत,” अण्णा म्हणाले. “स्तंभ डळमळतोय म्हटलं की माणूस लांब पळतंय. अंगावर पडंल म्हणून.”

त्यांनी तिथल्या तिथे दळणाच्या पिशवीवर कागद ठेवून नवं आवाहन लिहून दिलं. ते मी जपून ठेवलं आहे. ‘वाचकांनी कृपया लक्ष द्यावे. ही गाडी पुढाऱ्याच्या डिझेलवर चालत नाही. तुमच्या डिझेलवर चालते. डिझेल एकदा भरून भागत नाही. दर महिन्याला लागते. तरी इच्छुकांनी महिन्याला पन्नास रुपये देऊन आपली जागा धरावी. जागा धरण्यासाठी रुमाल टाकू नये.’

पुढल्या आठवड्यात वीस जणांनी पैसे दिले. अण्णांना वाटलं, वीसच का? आणि त्यांनी खाकी पिशवी खांद्याला अडकवून घरोघर जायला सुरुवात केली.

त्यांचे काही नियम होते. निवडून आलेल्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. निवडून यायची इच्छा असलेल्याकडूनही नाहीत. पक्षाचा साधा कार्यकर्ता चालेल, कुठल्याही पक्षाचा, पण त्याने ‘आमच्या साहेबांकडे बघा जरा’ म्हटलं की पुढच्या महिन्यात त्याचं नाव कट. एका वेळी कुणी वर्षाचे देऊ लागलं तर घ्यायचे नाहीत. माझी आणि त्यांची यावरून पहिली हुज्जत झाली.

“अण्णा, सहाशे रुपये घ्या आणि मोकळे व्हा. दर महिन्याला कशाला चकरा?”

“ओ चष्मेवाले,” अण्णा म्हणाले, “तुमी वर्षाचं दिलं की वर्षभर इसरणार. पेपर वाचला काय, न्हाय वाचला काय. दर महिन्याला खिशात हात घालताना माणूस इचार करतंय, की हिनं या महिन्यात काय लिवलं? बरं लिवलं का वंगाळ लिवलं? तो इचार मला पायजे. पैशाचं काय घिऊन बसलाय!”

“आणि कुणाला वाटलं वंगाळ लिहिलं तर?”

“तर त्यानं मला तोंडावर सांगावं. लई जण सांगतेत की. मी जाऊन तिला सांगतो. ती भांडती माझ्याशी. मग मी येऊन त्यांच्याशी भांडतो. बिडरी, चहा टाका.”

‘बिडरी’ म्हणजे कानडीत ‘सोडा हो’. अण्णा हा शब्द काहीही सोडायचं नसलं की वापरतात.

आणि चहा घेऊन ते निघून जात नसत. दहा घरं घ्यायला त्यांना चार दिवस लागायचे. कुणाची नजर अधू झाली असेल तर त्याला अंक मोठ्याने वाचून दाखवायचा, तोही माइकच्या आवाजात, म्हणजे शेजारच्या तीन घरांना फुकट. कुणाच्या नळाला पाणी नाही, कुणाचं पेन्शन अडकलंय, कुणाच्या गल्लीतला दिवा गेलाय, हे सगळं ऐकून घ्यायचं आणि गिरणीवरच्या खोलीत जाऊन सुजाताला सांगायचं. सुजाता म्हणायची, “माझ्याकडे एकच वार्ताहर आहे, आणि तो मला पगार आणून देतो.”

यातूनच ती नळाची बातमी निघाली.

पूर्व भागात नरसम्मा नावाची एक म्हातारी राहते. विड्या वळते. घरी तेलुगू बोलते आणि बाहेर तिची स्वतःची मराठी. ती अण्णांना महिन्याला दहा रुपये देते. पन्नासचा नियम तिच्यासाठी अण्णांनी मोडला. विचारलं तर म्हणतात, “तिचं हाफ तिकीट हाय.”

नरसम्माच्या गल्लीच्या तोंडाला एक फलक लागला. वॉर्डाच्या नगरसेवक भाऊंचा हात जोडलेला फोटो, आणि खाली लिहिलेलं, की त्यांच्या प्रयत्नांतून या गल्लीत नवीन जलवाहिनीचं काम पूर्ण झालं. नरसम्मा अण्णांना म्हणाली, “अण्णा, मी हितंच दारात बसून विडी करते, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. कुणी खड्डा पण मारला न्हाय. मग पाईप आत कसं गेलं? उंदरानं नेलं का?”

अण्णांनी हे जसंच्या तसं सुजाताला सांगितलं. सुजाताने कागद काढले. कागदांवर जलवाहिनी होती, बिलं होती, काम पूर्ण झाल्याचा शिक्का होता. मग एका सकाळी ती नरसम्माच्या गल्लीत गेली, मोबाइल लावला, आणि रीतसर परवानगी घेऊन एका प्लंबरला फलकाच्या खालीच खणायला लावलं. एक हात खणलं, दोन हात खणलं. एक जुनी चप्पल निघाली. पाइप काही निघाला नाही. नरसम्मा कॅमेऱ्यात वाकून बघत म्हणाली, “बघा, उंदीर चप्पल ठिऊन गेला.”

तो व्हिडिओ साऱ्या सोलापूरने पाहिला. चौकशी लागली. पंधरा दिवसांत गल्लीत खरोखरचे पाइप येऊन पडले.

मग भाऊ अण्णांकडे आले.

त्या संध्याकाळी मी अण्णांच्या ओट्यावरच बसलो होतो. पांढरी गाडी थांबली, चार जण उतरले, मग भाऊ उतरले. चेहऱ्यावर फलकावरचंच हसू.

“अण्णा, तुमचं काम बघून मन भरून आलं,” भाऊ म्हणाले. “स्वतंत्र पत्रकारिता टिकली पाहिजे. मलाही सभासद करून घ्या. बाकीचे पन्नास देतात ना? माझ्याकडून एकदम एक लाख.”

एकाने पाकीट पुढे केलं. मी अण्णांकडे पाहिलं. त्या महिन्यात सुजाताने खोलीचं भाडं कसंबसं भरलं होतं, हे अण्णांना ठाऊक होतं आणि मलाही.

अण्णा उठून उभे राहिले. सदरा खाली ओढला. समोर माइक आल्याचं त्यांना वाटलं असावं.

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे,” अण्णा म्हणाले. “या खिडकीवर तिकीट मिळते. गाडी मिळत नाही.”

आवाज एवढा खणखणीत, की समोरच्या बिल्डिंगमधले लोक गॅलरीत आले. भाऊंचं हसू तसंच राहिलं, पण डोळे त्यातून बाहेर पडले. “अण्णा, म्हाताऱ्या माणसाने अशी चेष्टा करावी काय?”

“न्हाय हो. नियम हाय,” अण्णा परत आपल्या बोलीवर आले. “बसा की. चहा घेऊन जावा. चहाला नियम न्हाय.”

भाऊ चहा न घेता गेले. गाडी वळल्यावर अण्णा खाली बसले. “चष्मेवाले,” ते हळूच म्हणाले, “लाख म्हंजे लई असतेत का ओ?”

पुढे व्हायचं ते झालं. अंक छापणाऱ्या प्रेसचं मशीन अचानक बिघडलं आणि फक्त ‘आडवा प्रश्न’पुरतंच बिघडलेलं राहिलं. सुजाता अंक बार्शीला छापून घेऊ लागली. गठ्ठे एस्टीने यायचे. कुठली गाडी, किती वाजता, कोण चालक, हे अण्णांना तोंडपाठ असल्यामुळे अंक एकदाही चुकला नाही. पण खर्च वाढला. कुठल्या महिन्यात किती पैसे येतील याचा भरवसा नसल्याने सुजाताला झोप येईना.

तेव्हा तिच्या एका मैत्रिणीने उपाय सांगितला. मोबाइलवर वाचकाने एकदाच मान्यता द्यायची. मग दर महिन्याच्या एक तारखेला त्याच्या बँकेतून पैसे आपोआप येतात. कुणी जायला नको, मागायला नको.

सुजाताने भीत भीत अण्णांना सांगितलं. अण्णा लगेच म्हणाले, “झकास की! आधी का न्हाय सांगितलंस?” आणि गंमत म्हणजे ते स्वतःच घरोघर जाऊन लोकांना मोबाइलवर मान्यता द्यायला लावू लागले. ज्याला जमेना त्याच्या पोराला, सुनेला बसवून करून घेतलं. नरसम्माचंसुद्धा तिच्या लेकाच्या फोनवरून झालं. दीड महिन्यात सगळ्यांचे पैसे आपोआप जाऊ लागले. सुजाताला झोप लागू लागली.

आणि अण्णांना काही काम उरलं नाही.

पहिल्या तारखेला सकाळी मी दुकानाला निघालो, तर अण्णा इस्त्रीचे कपडे घालून, खाकी पिशवी मांडीवर ठेवून ओट्यावर बसलेले.

“कुठे निघालात?”

“कुटं न्हाय.”

दुपारी ते दुकानात आले. “पैसे गेले का तुमचे?”

“गेले की, सकाळीच. मेसेज आला.”

“आपोआप?”

“आपोआप.”

“बरं बरं.” ते थोडा वेळ चष्म्याच्या फ्रेमा बघत उभे राहिले. मी गिऱ्हाइकात होतो. मान वर केली तेव्हा गेले होते.

पुढच्या महिन्यात ते दुकानात आले नाहीत. ओट्यावरही इस्त्रीचे कपडे दिसले नाहीत, बनियनवर बसलेले दिसले. ‘काय अण्णा, बरं आहे ना?’ म्हटलं तर म्हणाले, “बरं हाय.”

मी घरी येऊन हे माझ्या बायकोला, मंगलला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, “ते आपोआपचं बंद करा तुम्ही.”

“अगं, पण सुजाताला पैशाची खात्री नको का?”

“पैसे देणारच आहोत की. अण्णांच्या हातात द्यायचे. नाहीतर त्यांनी यायचं कशाला आपल्याकडे? म्हातारा माणूस कारण असल्याशिवाय कुणाकडे जातो का?”

मी मान्यता रद्द केली आणि अण्णांना सांगितलं, की बँकेचा काहीतरी घोळ आहे, पैसे जात नाहीत. अण्णा उठूनच उभे राहिले. “बघा! म्हटलं न्हवतं मी? यंत्र ते यंत्रच. एक तारखेला येतो. सुट्टे ठेवा.”

साधारण तीन आठवड्यांनी सुजाता माझ्या दुकानात आली. चेहरा पांढरा पडलेला. काउंटरवर मोबाइल ठेवून म्हणाली, “काका, काहीतरी गडबड चाललीय. लोक पैसे बंद करतायत. पंधरा-वीस दिवसांत जवळजवळ चाळीस जणांनी मान्यता रद्द केलीय. भाऊंनी दमदाटी सुरू केली असणार. माझा पेपर बंद पडणार, काका.”

मी यादी पाहिली. पहिलंच नाव माझं. मला कानकोंडं झालं. पण खालची नावं वाचत गेलो आणि काहीतरी उजेड पडू लागला. शिंपी गल्लीतले काळे मास्तर, ज्यांना अण्णा अंक वाचून दाखवत. होटगी रोडची एक नर्स. जोशी. नरसम्मा. पुण्याची, बार्शीची, बाहेरगावची सगळी माणसं जागच्या जागी होती. गळाली होती ती फक्त अण्णांच्या फेरीतली.

“सुजाता,” मी म्हणालो, “तू वार्ताहर आहेस ना? मग जाऊन विचार की एकेकाला.”

ती दोन दिवस फिरली आणि परत आली ती हसत हसतच. काळे मास्तर म्हणाले, त्यांच्या घरात रेंज नाही. नर्स म्हणाली, फोन पाण्यात पडला. जोशी म्हणाले, नातवाने चुकून बटण दाबलं. नातू पाच महिन्यांचा. प्रत्येक जण म्हणत होता, की काळजी करू नकोस, फक्त एक तारखेला अण्णांना पाठवून दे. आणि प्रत्येक जण वर म्हणत होता, की हे अण्णांना सांगू नकोस.

खोटं बोलली नाही ती एकटी नरसम्मा. तिने विडीचं पान कातरता कातरता सुजाताला विचारलं, “पैसे आपोआप जातेत. पण माझी तक्रार आपोआप जाती का? नळ आला, पाणी येत न्हाय. ते कुणाला सांगू? फोनला?”

हे सांगताना सुजाताने चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसली. मी काच पुसायचं चांगलं फडकं काढून दिलं, पण काचेला काही झालेलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी ती अण्णांकडे गेली आणि म्हणाली, “अण्णा, ती यंत्रणा बाहेरगावच्या लोकांना ठीक आहे. सोलापुरात चालत नाही. तुम्हालाच जावं लागणार.”

“म्हातारपणी लई तंगडतोड करायला लावायलीस पोरी,” अण्णा म्हणाले, आणि सदऱ्याला इस्त्री करायला आत गेले.

पुढच्या महिन्यात मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो. नरसम्माच्या डोळ्यांची तपासणी मागे झाली होती आणि तिचा चष्मा तयार होता, तो द्यायचा होता. निघण्याआधी अण्णा आमच्याकडेच जेवले. मंगलने कडक भाकरी, वांग्याचं कालवण आणि शेंगाची चटणी केली होती. अण्णांनी दोन भाकरी खाऊन वर भात घेतला. मग माझ्या स्कूटरवर बसून आम्ही पूर्व भागात गेलो.

नरसम्मा दारात विड्या वळत बसली होती. अण्णा उंबऱ्यापाशी खालीच बसले. मला वाटलं, आता माइक सुरू होणार. पण अण्णा बोललेच नाहीत. ती बोलत होती, नळाबद्दल, लेकाबद्दल, बोटं दुखतात त्याबद्दल, अर्धं तेलुगूत, अर्धं मराठीत, आणि अण्णा मान हलवत ऐकत होते. तीस वर्षं साऱ्या जिल्ह्याला आवाज ऐकवलेला माणूस अर्धा तास गप्प बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला. नळाचं तेवढं त्यांनी चिठ्ठीवर लिहून घेतलं. तिने पदराच्या गाठीतून दहाची नोट काढून दिली, नवा चष्मा लावून अण्णांकडे नीट पाहिलं, आणि म्हणाली, “वाळलास की रे अण्णा. जेवला का?”

“न्हाय,” अण्णा म्हणाले.

मी चमकलो. नरसम्मा उठून आत गेली आणि ताटलीत भात आणि आंबट वरण घेऊन आली. अण्णा मान खाली घालून सगळं जेवले. ताटली धुऊन पालथी घातली.

बाहेर आल्यावर स्कूटर सुरू करताना मी म्हणालो, “अण्णा, तासापूर्वी दोन भाकरी खाल्ल्यात. पोट बिघडेल.”

“बिघडू दे.” ते मागे बसले. थोडं अंतर गेल्यावर माझ्या पाठीशी त्यांचा आवाज आला, माइकचा नव्हे, दुसराच, बारीक. “आमची घरवाली महादेवी होती तवा रोज इचारायची, जेवला का. मला त्याचा राग यायचा ओ. म्हनायचो, किती डाव इचारतीस? ती गेल्यावर दोन वर्सं मला कुनी इचारलं न्हाय. लेक बेंगळुरास्नं फोन करतो, बीपी इचारतो, गोळ्या इचारतो. जेवला का म्हणून न्हाय इचारत. त्याला वाटतंय, जेवतच असंल की.”

मी स्कूटरचा वेग कमी केला.

“आता या फेरीत चार-पाच घरं हायेत, तितं इचारतेत. व्हय म्हटलं की संपलं, पुढं काय बोलायचं? म्हणून न्हाय म्हणतो.”

ते पुढे म्हणाले, “आन् तुमच्या बँकेचा घोळ मला म्हाईत हाय, चष्मेवाले. एवढ्या जणांच्या बँका एकदम बिघडत नसतेत. नीट बघून चालवा, म्होरं खड्डा हाय.”

मी खड्डा चुकवला. काळे मास्तरांच्या घरासमोर स्कूटर लावली. अण्णांनी सदरा सारखा केला, कडी वाजवली. मास्तरांच्या बायकोने दार उघडलं आणि हसून बाजूला झाल्या.

“या अण्णा. किती उशीर केलात! जेवलात का?”

“न्हाय की,” अण्णा म्हणाले, आणि चपला काढून आत गेले.